डाळ कुठली, पिशवी कुणाची?

आमच्यासमोर टेबलावर एक रिकामी पिशवी आहे. तिच्यात अर्धा किलो तुरीची डाळ होती. डाळ शिजली, वरण झाले, जेवणे उरकली; पिशवी उरली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'नवापूर तूरडाळ' असे छापलेले आहे. खाली बारीक अक्षरांत वजन, किंमत, भरल्याचा महिना आणि भरणाऱ्याचा पत्ता. डाळ कुठून आली, ते पिशवी सांगते. पिशवीने पुढे कुठे जायचे, याबद्दल मात्र तिच्यावर उपयोगाचे असे काही नाही. हे दोन प्रश्न आपण सहसा वेगवेगळे विचारतो. पहिला ग्राहकाचा, दुसरा सफाई कामगाराचा. पण दोघांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला की मजा येते, आणि थोडी लाजही वाटते.

सुरुवात नवापूर तालुक्यातूनच करू. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून हा तालुका आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता. सुरतेहून तापी खोऱ्यातल्या जुन्या लोहमार्गाने भुसावळकडे निघालो, की नवापूर मागे टाकल्यावर चिंचपाडा लागते. नवापूरचे स्थानक सर्वांना ठाऊक असते ते एका गमतीमुळे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा फलाटावरून जाते आणि एकच बाक दोन राज्यांत बसवलेला आहे. त्या बाकावर बसून खाल्लेल्या शेंगदाण्यांची टरफले नेमकी कोणत्या राज्याचा कचरा, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारू शकेल.

चिंचपाड्याच्या परिसरात मावची, गावित, कोकणी अशा आदिवासी घरांतून तूर पिढ्यान्‌पिढ्या पिकते. शेतातली तूर घरी आली, की भिजवायची, वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची. या कामात काय काय उरते ते मोजून पाहण्यासारखे आहे. शेंगांची टरफले आणि पाला गुरांपुढे जातो. भरडताना निघालेली चुणी हा तर गुरांचा आवडता खुराक. तुराट्यांचा कूड होतो, त्यावर माती-शेणाचा लेप बसतो. जुन्या झालेल्या तुराट्या चुलीत जातात आणि चुलीतल्या राखेने भांडी घासली जातात. शेवटी भांडी घासलेले पाणी परसात. अशा घरात कचऱ्याचे वर्गीकरण शिकवावे लागत नव्हते, कारण जे उरे त्याला आधीच ठरलेली जागा असे. आणि 'ही डाळ कुठली?' हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातही येत नसे. डाळ बांधापलीकडची, एवढे पुरे होते.

म्हणजे दोन्ही प्रश्न जन्माला येण्यासाठी माल आणि माणूस यांच्यात अंतर पडावे लागले.

उगमाची मोहर

हे अंतर एकोणिसाव्या शतकात आगगाडी आणि आगबोट यांनी वाढवले. मालावर देशाचे नाव छापण्याची सक्ती इंग्लंडने १८८७ च्या कायद्याने केली, तिच्यामागे ग्राहकाची काळजी थोडी आणि कारखानदारांचा धंदा जास्त होता. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या जगभर नावाजलेल्या, तर जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर स्वस्त सुऱ्यांवर शेफील्डच्या नावाची नक्कल करीत, अशी तक्रार होती. म्हणून फसव्या खुणा असलेल्या परदेशी मालावर 'जर्मनीत तयार केलेले' असे लिहायला लावले. हेतू असा की लोकांनी ते वाचून तो माल टाळावा. झाले उलटेच. माल टिकाऊ निघत गेला आणि काही वर्षांतच ती बदनामीची खूण दर्जाची खूण बनली.

हिंदुस्थानात तसा कायदा १८८९ साली आला. कापडाच्या ताग्यावर लांबी किती यार्ड ते आकड्यांत छापण्याची सक्ती त्यात होती. पण आकडे वाचणार कोण? मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर व्यापारी रंगीत छापील चित्रे चिकटवीत. देवदेवता, हत्ती, वाघ, राण्या. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक दुकानात जाऊन अमुक चित्राचे कापड मागे. आजही आपल्याकडे आगपेटी चित्रावरून मागणारी माणसे आहेत. खूण म्हणजे अक्षरच असले पाहिजे असे नाही, हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

खुणेवरून माल घ्यायचा की नाकारायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात लवकरच राजकारणाचा झाला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीच्या पोशाखात गेले होते. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणारे विनायक दामोदर सावरकर त्यात पुढे होते. होळीत टाकायचे कपडे निवडताना घराघरांत काय झाले असेल, त्याची कल्पना करा. हे विलायती, हे देशी. नव्या ताग्यावर चिठ्ठी असते, पण चार वेळा धुतलेल्या उपरण्यावर नसते. मग पोत आणि काठ पाहून ठरवायचे. आज आपण कचरा तो कशाचा बनला आहे यावरून वेगळा करतो, त्या दिवशी तो कुठून आला यावरून वेगळा केला गेला. चांगल्या स्थितीतले कापड केवळ उगमामुळे कचरा ठरले.

त्याच चळवळीतून काही बांधलेही गेले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. काचेची भट्टी ही पुनर्वापराची शाळाच म्हणावी लागेल. वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या मिश्रणात फुटक्या काचेचे तुकडे घातले, तर मिश्रण कमी उष्णतेत वितळते आणि इंधन वाचते. म्हणून काचकारखानदार फुटकी काच आनंदाने विकत घेतो. फुटक्या बाटलीला किंमत आली ती कुणाच्या उपदेशामुळे नव्हे, भट्टीच्या गणितामुळे.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ किराणा सुटाच मिळे. वाण्याच्या पोत्यातून डाळ निघे, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुडीत बांधली जाई, वरून दोरा. डाळ कुठली हे वाणी तोंडी सांगे, खरे-खोटे त्याच्या इमानावर. पुडीचा कागद चुलीत किंवा पुन्हा रद्दीत, दोरा गुंडाळून खुंटीला. हळूहळू बंद पाकिटे आली. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि महिना-वर्ष छापणे बंधनकारक केले. हा काळ ग्राहक चळवळीचाही होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करायचा आणि वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. दहा-बारा घरे एकत्र बसून माल वाटून घेऊ लागली, की आपोआप तो पाहिला जातो, निवडला जातो, त्यावर बोलणे होते. आमच्या मते कोणत्याही छापील चिठ्ठीपेक्षा ही पद्धत सरस. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला, तेव्हा त्याच्यामागे अशा कामाची पुण्याई होती.

मग आला भौगोलिक मानांकनाचा कायदा. तो १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एखाद्या वस्तूचा गुण तिच्या प्रदेशाशी बांधलेला असेल, तर त्या प्रदेशाचे नाव त्या प्रदेशाबाहेरच्या मालावर लावता येत नाही. पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला. नवापूरची तूरडाळ या यादीत २०१६ साली आली. ज्या घरात डाळीच्या गावाचा प्रश्न कधी पडलाच नव्हता, त्या घरच्या डाळीला कायद्याने गाव मिळाले. शहरातल्या ग्राहकाला ते वाचता यावे म्हणून ती पिशवीत बंद झाली.

नवापुरातले अंडे

पण नाव नेहमीच मान देऊन जात नाही. नवापूरचे नाव देशभर पोहोचले ते डाळीच्या दहा वर्षे आधी. नवापूर हे कोंबडीपालनाचे मोठे केंद्र. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या कोंबड्या मरू लागल्या आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू आढळल्याचे सरकारने जाहीर केले. भारतातली ही पहिलीच नोंद.

आता ग्राहकाच्या बाजूने विचार करा. नागपुरात किंवा कोल्हापुरात बसलेल्या माणसाच्या हातात अंडे आहे. ते नवापूरचे की शेजारच्या गावचे? अंड्यावर काहीच लिहिलेले नाही. मग त्याने सोपा मार्ग धरला. सगळीच अंडी आणि सगळीच कोंबडी खाणे सोडले. रेल्वेच्या आणि विमानांच्या जेवणातून कोंबडी गेली. ७० अंश सेल्सिअसला नीट शिजवल्यावर हा विषाणू उरत नाही, हे डॉक्टर सांगत होते, पण भीतीला उष्णतामापक कळत नाही. ज्यांच्या कोंबड्यांना कधी शिंकसुद्धा आली नव्हती, अशा दूरच्या शेतकऱ्यांचेही दिवाळे निघाले. उगमाची माहिती नसली की संशय सर्वांवर सारखा वाटला जातो.

युरोपने हा धडा गाईंच्या मेंदूच्या रोगात घेतला होता. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गोमांस आणि माणसाचा रोग यांच्यातला संभाव्य संबंध मान्य केला आणि बाजार कोसळला. त्यानंतर २००० साली मांसावर जनावर कुठे जन्मले, कुठे वाढले, कुठे कापले ते लिहिण्याचे नियम झाले. २००४ पासून तिथल्या अंड्यांवरही शिक्का आला. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, पुढची अक्षरे देश, त्यापुढचा क्रमांक शेत. घरात बसून अंड्याचा पत्ता वाचता येतो.

नवापुरात आणि आसपास त्या काही आठवड्यांत लाखो पक्षी मारावे लागले. त्यांचे खाद्य, अंडी, सारे चुना टाकून खड्ड्यांत पुरले. माल कुठून आला आणि टाकायचा कुठे, हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच खड्ड्याच्या काठावर भेटले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तीच वेळ आली.

वाचणारे हात

आता दुसरा प्रश्न. उरलेल्याचे काय?

आपल्या शहरांत वर्गीकरण नियमांनी आणले असे पुष्कळांना वाटते. खरे तर ते आधीपासून होते, फक्त ते करणाऱ्यांकडे कुणी पाहत नव्हते. बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडी देई. रद्दीवाला तागडी घेऊन येई. मुंबईत डबा-बाटलीवाल्याची आरोळी गल्लीत घुमे. आणि जे या कुणीच नेले नाही, ते कचराकुंडीत गेल्यावर तिथून वेचणाऱ्या बाया होत्या, बहुतेक दलित समाजातल्या. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक. त्यांच्या पाठीवरच्या पोत्यातून शहराचा कारखान्यांना जाणारा कच्चा माल चालला होता आणि शहर त्यांना चोर समजत होते.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले कार्यकर्ते पुण्यात या बायांच्या मुलांना शिकवायला गेले. मुले कचऱ्याच्या ढिगावर का, याचे उत्तर आयांच्या कमाईत होते. घरातच सुका कचरा वेगळा करून दिला, तर बायांना घाणीत हात घालावा लागणार नाही आणि माल स्वच्छ मिळून भावही चांगला येईल, हा विचार तिथून निघाला. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महानगरपालिकेने त्यांना ओळखपत्रे दिली आणि २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेऊ लागली. सर्वोच्च न्यायालयात अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेमुळे देशाचे पहिले नागरी घनकचरा नियम २००० साली झाले. म्हणजे नियमांच्या सात वर्षे आधी पुण्यातल्या बाया संघटित होऊन हेच सांगत होत्या. इतिहास लिहिताना कायद्याचे साल आधी लिहिण्याची आपली सवय इथे फसवते.

या बायांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण प्लास्टिक त्यांना वाचता येते. पातळ पिशवी चुरगाळली आणि आवाज झाला नाही तर एक जात, कुरकुर वाजली तर दुसरी. नखाने ओरखडा उठतो का, वाकवल्यावर पांढरी रेघ येते का, यावरून भाव ठरतो. आम्ही शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकवतो तेव्हा याहून वेगळे काय शिकवतो?

या वर्गीकरणातली सर्वांत नकोशी वस्तू म्हणजे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि लंगोट. कागदात गुंडाळलेले पुडके उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. बायांनी दोन गोष्टी केल्या. २०१३ साली हा माल बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांचाच कचरा परत पाठवला, पाकिटावरचे नाव वाचून. ग्राहकासाठी छापलेला पत्ता असा उलटा उपयोगी पडला. आणि घरांना सांगितले की अशा पुडक्यावर लाल ठिपका काढा. विचार केला तर हा ठिपका म्हणजे चिठ्ठीच आहे. कारखानदाराने ग्राहकासाठी लावलेली नव्हे, तर घराने वेचणारीसाठी लावलेली. मँचेस्टरच्या हत्तीसारखी, न वाचताही कळणारी.

तीन बाणांचा गोंधळ

कारखानदारांनी एक खूण आधीच लावली होती. अमेरिकेत १९७० साली कागदी खोकी बनवणाऱ्या एका कंपनीने चित्रस्पर्धा घेतली. गॅरी अँडरसन या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एकमेकांमागे धावणारे तीन बाण काढले आणि पहिले बक्षीस मिळवले. हीच पुनर्वापराची खूण. १९८८ साली तिथल्या प्लास्टिक उद्योगाने त्रिकोणी बाणांत १ ते ७ आकडे घातले. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे पेट, २ आणि ४ जाड व पातळ पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे 'इतर'. हे आकडे प्लास्टिक कोणते एवढेच सांगतात. ते पुन्हा वापरले जाईल असे वचन देत नाहीत. पण बाण पाहून लोकांनी तसा अर्थ घेतला आणि गोंधळ इतका वाढला की २०१३ साली मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणावा लागला.

आमची डाळीची पिशवी 'इतर'मध्ये मोडते. बाहेरचा कडक, चकचकीत थर पेटचा, त्यावर छपाई उठून दिसते. आतला मऊ थर पॉलिथीनचा, तो उष्णतेने चिकटून तोंड बंद करतो. दोघे मिळून डाळीला ओल आणि किडीपासून जपतात. पण पेट वितळते सुमारे २५० अंशांना आणि पातळ पॉलिथीन ११० च्या आसपास. एक वितळेपर्यंत दुसरे जळू लागते. म्हणून कारखान्याला ही पिशवी नको, म्हणून भंगारवाल्याला नको. २०१६ च्या प्लास्टिक नियमांनी गावांनाही कक्षेत घेतले आणि पाकीट बाजारात आणणाऱ्यावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. जबाबदारी कागदावर चिंचपाड्यापर्यंत पोहोचली. गोळा करणारी गाडी शहरांपुढे फारशी गेलेली नाही. शहरात निदान पाठीवर पोते घेतलेली बाई आहे. पाड्यावर चूल आहे, आणि चुलीत तुराटीबरोबर पिशवी गेली, तर त्या राखेने भांडी घासू नयेत हे घराला कुणी सांगितलेले नाही.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग. वेगवेगळ्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे कापा. काचेच्या भांड्यात पाणी घ्या, त्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर पृष्ठताणामुळे जड तुकडेही वर राहतात. तुकडे बुडवून ढवळा. दुधाची पिशवी (घनता सुमारे ०.९२) आणि बाटलीचे बूच (०.९० ते ०.९५) वर येतील. बाटली स्वतः (१.३८) तळाशी बसेल. आता पाण्यात मीठ विरघळवत जा. पॉलिस्टायरीनचा चमचा (१.०५) हळूहळू वर येईल, बाटलीचा तुकडा येणार नाही. मग भांडे विद्यार्थ्यांच्या हाती द्या आणि गावातल्या दुकानासमोर पडलेल्या वेष्टनांचे तुकडे आणायला सांगा. ज्यांवर गावाचे नाव आहे त्यांची नोंद वेगळी ठेवा. चिंचपाड्याच्या रस्त्यावर कोणकोणत्या शहरांचे पत्ते पडलेले आहेत, ते कळेल.

आमच्या पिशवीचा तुकडा आम्ही साध्या पाण्यात टाकून पाहिला. तो आधी बुडाला, ढवळल्यावर वर आला, मग भांड्याच्या मध्यावर तिरका होऊन राहिला. जड थर आणि हलका थर यांची सरासरी पाण्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे असे होते. नंतर पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याने ती पाण्यात टाकली नाही, तिच्यावरचे नावही वाचले नाही. बोटांत चुरगाळली, कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि आमच्या हातात परत दिली.